मैदानाला नवं नाव देताना जुनं मैदान कसं राखायचं

कबड्डीचं जे मैदान काल-परवापर्यंत चार बांबू आणि चुन्याच्या रेघांवर चालत होतं, त्याला आमदार निधीतून भिंत होते, गेट लागतं, एका बाजूला पायऱ्यांची गॅलरी उभी राहते. मग एखादा जिनिंगवाला, कृषी केंद्रवाला, नाही तर गावातून पुण्याला जाऊन बस्तान बसवलेला माणूस म्हणतो, हायमास्ट (उंच खांबावरचे दिवे) मी देतो, मॅटही देतो, फक्त माझ्या वडिलांचं नाव लावा. क्रीडा मंडळाला पैसा हवाच असतो. आणि दुसऱ्या दिवशी पारावर बसलेला म्हातारा विचारतो, "काऊन रे पोट्टेहो, आखराचं ग्राउंड म्हनाले लाज वाटते काय तुमाले?"

आखर म्हणजे गावची गुरं जमायची मोकळी जागा. देणगीदार आणि म्हातारा, दोघांचंही म्हणणं रास्त आहे आणि दोघांचाही मान राखता येतो. त्यासाठी मात्र रंगाऱ्याला बोलावण्याच्या बरंच आधी, माझ्या मते निदान एक हंगाम आधी, कामाला लागावं लागतं. गेटवर नाव चढल्यावर जुन्या आठवणी गोळा करायला कोणी निघत नाही. उद्घाटनाची तारीख ठरली की मंडळाचा सगळा जीव मंडप, जेवण आणि पाहुण्यांच्या गाड्यांत अडकतो. इथे मी कबड्डी धरून लिहिलंय, पण खो-खो, व्हॉलीबॉल, क्रिकेट किंवा कुस्तीच्या आखाड्यालाही हाच क्रम चालेल.

मोठ्या मैदानांनी काय केलं

देणगीदाराला आणि म्हाताऱ्याला, दोघांनाही सांगता येतील अशी काही उदाहरणं आधी देतो.

दिल्लीच्या फिरोजशाह कोटला स्टेडियमला सप्टेंबर २०१९ मध्ये अरुण जेटली यांचं नाव दिलं गेलं. तेव्हा तिथल्या क्रिकेट संघटनेनं स्पष्ट केलं की स्टेडियम जेटलींच्या नावाचं, पण आतलं मैदान कोटलाच राहील. मुंबईचं वानखेडे ज्यांच्या नावाचं, ते बॅरिस्टर शेषराव वानखेडे आपल्याच विदर्भातले. तिथे मे २०२५ मध्ये रोहित शर्मा, अजित वाडेकर आणि शरद पवार यांची नावं दिली गेली ती स्टँडना; स्टेडियमच्या नावाला कोणी हात लावला नाही. नागपुरात व्हीसीएचं नवं स्टेडियम २००८ मध्ये सुरू झालं. पाटीवर विदर्भ क्रिकेट असोसिएशन आहे, लोकांच्या तोंडी जामठा आहे. रस्ता विचारायला जे नाव कामी येतं ते टिकतं.

उलटं उदाहरण इंग्लंडचं. न्यूकॅसल युनायटेड हा फुटबॉल क्लब १८९२ पासून सेंट जेम्सेस पार्कवर खेळतो. २०११ मध्ये क्लबच्या मालकानं ते नाव काढून स्वतःच्या दुकानांच्या कंपनीचं नाव लावलं. प्रेक्षक भडकले. पुढच्याच वर्षी दुसरा प्रायोजक आला, त्यानं नामकरणाचे हक्क घेतले आणि जुनं नाव परत बसवून टाकलं. देणगीदार अडून बसला तर त्याला हा किस्सा जरूर सांगा. मैदानाचं जुनं नाव राखणाऱ्याला गावात जो मान मिळतो, तो गेटवरच्या तीन फुटी अक्षरांतून मिळत नाही.

आधी जागेचे कागद

हे कंटाळवाणं काम आहे, पण इथेच बहुतेक मंडळं फसतात. ज्या जागेला नाव द्यायला निघालात ती जागा कोणाची? तलाठ्याकडून सातबारा काढा. पुढे काय करायचं ते त्यावर काय लिहून आलं यावर ठरेल.

जागा मंडळाच्या ट्रस्टच्या नावे असेल तर मोकळीक सर्वांत जास्त. फक्त एक ध्यानात ठेवा: नाव देण्याच्या बदल्यात गॅलरीखालचे गाळे किंवा जागेचा तुकडा देणगीदाराला लांब मुदतीनं द्यायचं ठरत असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचं कलम ३६ आडवं येतं. बिगरशेती जागा तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीनं भाड्यानं द्यायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते.

जागा गावठाणातली, ग्रामपंचायतीकडे असलेली असेल तर नाव ठरवणं मंडळाच्या हातात नाही, ठराव ग्रामपंचायतीचाच हवा. शाळेचं मैदान असेल तर शाळा व्यवस्थापन समिती आणि जिल्हा परिषद यांना वगळून काही करू नका. उद्या मुख्याध्यापक बदलले की पाटी उतरते. वऱ्हाडात पुष्कळ मैदानं ई-क्लासच्या, म्हणजे गुरचरणाच्या, जमिनीवर आहेत. ती सरकारची. तिथे पक्कं बांधकाम आणि त्यावर खासगी नाव म्हणजे कोणीतरी अर्ज करेपर्यंतचीच मजा.

पूर्वेकडे, म्हणजे नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत, आणखी एक गाठ आहे: झुडपी जंगल. गुरं चारायची, बैलांच्या शर्यतीचा पट भरवायचा, पोरांनी खेळायचं अशी ती मोकळी रानं. सर्वोच्च न्यायालयानं २२ मे २०२५ च्या निकालात ही जमीन वनजमीनच असल्याचं सांगितलं. सातबाऱ्यावर हा शब्द दिसला तर सिमेंटचं काहीही करण्याआधी तहसील आणि वनविभागाकडे लेखी विचारणा करा. तिथे नाव द्यायला बंदी आहे असं मी म्हणत नाही. लाखाची कमान उभारू नका एवढंच म्हणतो. जुन्या मालगुजारी गावांत निस्तार पत्रकही काढून बघा. गावाच्या कोणत्या जागा कशासाठी राखलेल्या आहेत ते त्यात असतं. कधी कधी मैदानाचं खरं जुनं नावही तिथेच सापडतं.

पेट्या उघडा, माणसं बोलती करा

आता मुख्य काम. मैदानाचा इतिहास म्हणजे जिंकलेल्या शिल्डांची यादी, असं मंडळातल्या तरुणांना वाटतं. शिल्डा लागतातच. पण त्या मैदानावर दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरली असेल, झाडीपट्टीचं नाटक रात्रभर चाललं असेल, शंकरपटाची दाण (बैलांची धावपट्टी) तिथूनच गेली असेल, तान्ह्या पोळ्याला पोरांचे लाकडी बैल तिथेच रांगेत उभे राहिले असतील. हे सगळं जुन्या मैदानात मोजा. नाही तर खेळणाऱ्या पाच-पंचवीस घरांचाच इतिहास होतो आणि बाकी गाव त्या फलकाकडे ढुंकून बघत नाही.

वेळ नीट निवडा. रोवणी, सोयाबीन काढणी किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत कोणाच्या दारात मोबाइल घेऊन उभे राहू नका. उन्हाळ्याच्या दुपारी म्हातारी माणसं घरातच असतात आणि बोलायला तयार असतात. दुसरी चांगली वेळ दिवाळीची. भाऊबिजेला माहेरी आलेल्या बायकांना गाठा. शाळेकडून खो-खो, कबड्डी खेळलेल्या मुली लग्न होऊन गेल्या आणि मंडळाच्या वहीत त्यांचं नावच नाही, हे जवळपास प्रत्येक गावात झालेलं असतं. त्यांच्याकडे फोटो असतात आणि आठवणी पुरुषांपेक्षा नेमक्या असतात.

विचारायचं कसं? "मैदानाबद्दल दोन शब्द सांगा" म्हटलं की माणूस भाषण सुरू करतो. त्याला वस्तूंबद्दल विचारा. रेघा चुन्यानं मारायचे की राखेनं, आणि कोण मारायचं? रात्रीच्या सामन्याला गॅसबत्त्या कोणाच्या असायच्या? बाहेरगावची टीम यायची तेव्हा झोपायची कुठे, शाळेत की मारुतीच्या देवळात? जेवण कोणाकडे असायचं, आणि कोणत्या घरांतल्या खेळाडूंना त्या पंगतीत बसू दिलं जात नव्हतं? हा शेवटचा प्रश्न अवघड आहे, पण विचारा. मैदानावर एकत्र लोण चढवणारी पोरं जेवताना वेगळी बसत होती, हेही त्या मैदानाचंच आहे. फलकावर काय लिहायचं ते नंतर ठरवता येईल. नोंद तर आधी झाली पाहिजे.

रेकॉर्डिंगला महागडं काही लागत नाही. मोबाइल फ्लाइट मोडवर टाका, पंखा आणि कूलर बंद करा (मे महिन्यात हे सांगणं क्रूर आहे, पण कूलरच्या आवाजात म्हाताऱ्याचा आवाज हरवतो), सुरुवातीला तारीख आणि नाव बोलून घ्या. ही मुलाखत पुढे वापरली तर चालेल ना, हेही त्याच रेकॉर्डिंगमध्ये विचारा. टोपणनाव आणि खरं नाव दोन्ही लिहा. गावाला "ढाण्या" आठवतो, सातबाऱ्यावरचा माणूस आठवत नाही.

साल कोणाला नीट आठवत नाही. यासाठी जुनी प्रमाणपत्रं, पावती पुस्तकं आणि लेटरहेड कामी येतात, त्यावर साल नसलं तरी. पत्त्यात पिन कोड असेल तर तो कागद १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. गोंदियाकडच्या गावाच्या प्रमाणपत्रावर जिल्हा भंडारा छापलेलं असेल तर ते बहुधा १ मे १९९९ च्या आधीचं. वाशीमकडे जिल्हा अकोला असेल तर १ जुलै १९९८ च्या आधीचं, गडचिरोलीकडे जिल्हा चंद्रपूर असेल तर २६ ऑगस्ट १९८२ च्या आधीचं. आणि कागदावर राज्य म्हणून मध्यप्रदेश लिहिलेलं सापडलं तर जपून हात लावा, कारण १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ त्या राज्यातून मुंबई राज्यात गेला. जुना स्टॉक संपेपर्यंत लोक तीच लेटरहेड वापरतात, तेव्हा एक-दोन वर्षं इकडे-तिकडे धरा.

जुन्या खेळाडूंच्या पेटीत अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं प्रमाणपत्र निघालं तर त्याला वेगळी जागा द्या. १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी सुरू केलेली ती संस्था. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीचं प्रात्यक्षिक दाखवलं ते तिथल्याच पथकानं. आपल्या गावातला कोणी तिथे शिकून आला असेल, तर गावची चढाई कोणत्या वळणाची आहे याचा धागा तिथपर्यंत पोचतो.

फोटोंबाबत तीन गोष्टी. जुना फोटो लॅमिनेट करू नका. गावात हे सर्रास चालतं आणि एकदा प्लॅस्टिक चिकटलं की फोटो परत सुटत नाही. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका. काचेसकट, सावलीत, थोडं तिरकं धरून त्याचा फोटो घ्या. सुटे फोटो तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याकडे ६०० डीपीआयवर स्कॅन करून घ्या, मागची बाजूसुद्धा, कारण स्टुडिओचा शिक्का आणि शाईनं लिहिलेली नावं तिकडेच असतात. आणि हे सगळं व्हॉट्सॲपवर पाठवायचं असेल तर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नाही तर स्कॅनिंगचे पैसे पाण्यात. मूळ फोटो त्याच दिवशी घरी पोचता करा. "नंतर देतो" म्हणून नेलेल्या फोटोंनी गावात पिढ्यान्‌पिढ्या अबोले धरले आहेत.

यादीवरून होणारं भांडण

सन्मान फलकावर नावं कोणाची, यावर मंडळ फुटू शकतं. म्हणून "श्रेष्ठ खेळाडू", "मानाचे खेळाडू" असल्या यादीच्या नादी लागू नका. कोणीही वाचून तपासू शकेल अशी कसोटी ठेवा: मंडळाच्या संघातून तालुक्याच्या पुढे खेळलेले सगळे, किंवा अमुक सालापर्यंत संघात असलेले सगळे. क्रम सालानं लावा, पदानं नको. खेळाडूंबरोबर रेघा मारणारा, पाणी वाटणारा, शिट्टी घेऊन पंच म्हणून उभा राहणारा यांनाही बसवा. कच्ची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर पंधरा दिवस लावून ठेवा आणि हरकती लेखी घ्या. तोंडी हरकत सगळ्यांत मोठ्या आवाजाच्या माणसाची होते. फलकाच्या खाली जागा मोकळी सोडा, नावं निघत राहतात.

जुनं आहे म्हणून सगळंच मिरवायचं नसतं. मैदान वस्तीच्या जातिवाचक नावानं ओळखलं जात असेल तर ते नाव पाटीवर नको. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारनं वस्त्यांची अशी नावं बदलण्याचा निर्णय घेतलाच आहे. अशा वेळी झाड, तळं, विहीर, नाला यांच्या नावाकडे वळा. एका माणसाचं नाव पुढे करायचं असेल आणि त्याच्यावरून गावात दोन तट असतील, तरीही तेच करा. वडाच्या झाडाला विरोधी पार्टी नसते.

नावाच्या जागा मोजा

इथे सगळा पेच सुटतो. मंडळी "मैदानाचं नाव" असं एकच नाव धरून भांडतात. प्रत्यक्षात तुमच्याकडे नाव देण्याच्या आठ-दहा जागा असतात. मैदान, संकुल, गेट, गॅलरी, मैदानाच्या दोन बाजू, खेळाडूंची खोली, कट्टा, वार्षिक स्पर्धा, पहिल्या बक्षिसाचा चषक, उत्कृष्ट चढाईचं बक्षीस. एका कागदावर या सगळ्या लिहा आणि समोर लिहा, ही जागा जुन्याची की नव्याची.

माझी वाटणी अशी असते. ज्याला जमीन म्हणतो ते, म्हणजे मैदान, जुन्या नावाचंच राहू द्या. बांधकामाला, म्हणजे संकुल किंवा गॅलरीला, देणगीदाराचं नाव द्या. पैसा तिथेच लागलेला असतो आणि दिसतोही. दोन बाजूंना गावाची नावं द्या: तळ्याकडची बाजू, वडाकडची बाजू. कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर हायकोर्ट एंड आहेच, शेजारच्या इमारतीवरून पडलेलं नाव. निवेदकाला पहिल्या स्पर्धेपासून तसंच बोलायला सांगा. "तळ्याकडून चढाई, बोनस रेषा ओलांडली" हे माइकवरून एका रात्रीत शंभर वेळा ऐकलं की ते नाव पक्कं होतं, पाटीची गरजसुद्धा उरत नाही. चषक दिवंगत खेळाडूंच्या नावानं. "यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ" असं पहिलं बक्षीस देण्याची चाल आपल्याकडे आहेच, ती फक्त देणगीदारांच्या घरांपुरती राहू नये.

मॅट येणार असेल तर एक कोर्ट मातीचं ठेवा. पुरुषांचं १३ बाय १० मीटरचं, बायकांचं १२ बाय ८ चं. एवढी जागा मिळतेच. सरावालाही ते लागतं आणि तालुक्याच्या बऱ्याच स्पर्धा अजून मातीवरच होतात. भराव टाकताना वरची जुनी माती जेसीबीनं नाल्यात ढकलण्याआधी एका कोपऱ्यात काढून ठेवा आणि त्याच कोर्टावर पसरा. कंत्राटदाराला हे आधी सांगावं लागतं, कारण तो सकाळी सात वाजताच काम उरकून मोकळा होतो.

पुतळ्याच्या वाटेला जाऊ नका. त्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीसह बरीच लांब प्रक्रिया आहे आणि नंतर देखभालीची जबाबदारी कायमची. कट्टा बांधा, माणसं त्यावर बसतील तरी.

ठराव

आधी मंडळाची सर्वसाधारण सभा, मग ग्रामसभा. ग्रामसभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. विषय सूचनेतच लिहून घ्या. "ऐनवेळचे विषय" या सदरात नाव मंजूर करून घेण्याची हुशारी कोणीतरी सुचवेल; तिच्यापायी पुढे सगळा ठरावच वादात सापडतो. महिला ग्रामसभेतही विषय ठेवा. धारणी, चिखलदरा, गडचिरोलीकडच्या पेसा गावांत (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा जिथे लागू आहे तिथे) ग्रामसभेचा शब्द आणखी वजनाचा आहे, तिथे तर सुरुवातच ग्रामसभेपासून करा. मंडळाचं नोंदणीचं नाव बदलायच्या भानगडीत पडू नका. मैदानाच्या नावाशी त्याचा संबंध नाही, आणि एकदा ते बदललं की धर्मादाय कार्यालय, बँक, पॅन, क्रीडा कार्यालय अशी फरफट सुरू होते.

ठरावाची भाषा मोघम नको. साधारण अशी चालेल:

"मौजा ____ येथील गट क्रमांक ____ मधील खेळाचे मैदान 'आखर मैदान' या पूर्वापार नावानेच ओळखले जाईल. त्यावरील प्रवेशद्वार, प्रेक्षक गॅलरी व प्रकाशव्यवस्था यांच्या संकुलास ____ वर्षांकरिता 'कै. ____ क्रीडा संकुल' असे नाव देण्यात येत आहे. मुदत संपल्यावर हे नाव आपोआप पुढे चालू राहणार नाही. निमंत्रणपत्रिका, प्रमाणपत्रे व फलक यांवर दोन्ही नावे लिहिली जातील."

देणगीदाराशी लिखापढी

गावचाच माणूस आहे, त्याच्याशी कागद कशाला, असं सगळे म्हणतात. गावचाच आहे म्हणूनच कागद हवा. पाहुण्याशी भांडण झालं तर तो येणं बंद करतो, गावचा माणूस रोज समोर येतो. ५०० रुपयांच्या मुद्रांकावर साधा करार पुरे. त्यात मुदत, रक्कम कोणत्या टप्प्यांत येणार, एखादा टप्पा चुकला तर नाव किती दिवसांत उतरणार, रंगरंगोटीचा खर्च कोणाचा, आणि अक्षरांचा आकार. अक्षरांचा आकार मुद्दाम लिहा: जुन्या नावाची अक्षरं नव्या नावापेक्षा लहान असणार नाहीत. कायमचं नाव देऊ नका. पाच वर्षं, फार तर दहा. विजेचं बिल तुमच्या देणगीदाराला आठवत नसेल तर त्याचीही आठवण करून द्या, कारण हायमास्ट फुकट मिळतो, त्याचं मीटर फुकट फिरत नाही.

तंबाखू, खर्रा, गुटख्याच्या ब्रँडला थेट किंवा आडून नाव देऊ नका. तंबाखूच्या जाहिरातींना २००३ च्या कायद्यानं बंदी आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवाल्यांनाही नको, त्यांच्या जाहिरातींवर २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं बंदी घातली आहे. राजकारणी माणसाचं नाव द्यायचंच असेल तर हे धरून चला की आचारसंहिता लागली की ती पाटी कागदानं झाकावी लागते, आणि आपल्याकडे कोणती ना कोणती निवडणूक येतच असते.

ऊन, वावधन आणि पाटी

फ्लेक्स लावू नका. विदर्भाच्या उन्हाळ्यात त्याचा रंग उडतो आणि मे-जूनच्या वावधनात, म्हणजे वादळी वाऱ्यात, तो फाटून शेजारच्या वावरात जातो. सनबोर्डही उन्हानं वाकतो. पैसे असतील तर ग्रॅनाइटवर खोदून घ्या, नसतील तर कडप्प्यावर. खोदलेल्या अक्षरांतला रंग गेला तरी बोटानं वाचता येतं. फलकाचं तोंड उत्तरेकडे ठेवलं तर थेट ऊन सर्वांत कमी लागतं. पश्चिमेची भिंत टाळा. दहा फुटांवरून वाचायचं असेल तर अक्षर एक-दीड इंचाचं हवं, मात्रा आणि वेलांट्या धरून. खोदण्याआधी प्रत्येक नावाचं प्रूफ त्या-त्या घरी दाखवून सही घ्या. दगडात "पांडूरंग" झाला की "पांडुरंग" होत नाही.

जुनी पाटी भंगारात देऊ नका. ती पत्र्याची, गंजकी, अर्धी अक्षरं गेलेली असली तरी तशीच गॅलरीखाली सावलीत टांगा. नवा रंग मारू नका. शिल्डा, गॅसबत्ती, चुन्याचा डबा, जुनी जर्सी यांच्यासाठी काचेचं स्टीलचं कपाट घ्या, लाकडाचं घेतलं तर वाळवी लागते. पितळी पट्ट्या दर दसऱ्याला चिंचेनं घासू नका, कोरलेली अक्षरं झिजतात. कपाट मैदानावर ठेवण्यापेक्षा शाळेत किंवा वाचनालयात बरं.

कार्यक्रमाचा दिवस

तारीख जानेवारी-फेब्रुवारीतली धरा. सकाळी जुन्या खेळाडूंचा सामना, जुन्या नावानं, मातीच्या कोर्टावर. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव त्यांना झेपणार नाहीत, पाच-पाच पुरेत, आणि आरोग्य केंद्रातल्या कोणाला तरी तिथे बसवून घ्या. साठीचा माणूस पोरांच्या टाळ्यांनी चढतो आणि खरंच पकड करायला जातो.

मग सन्मान फलक. तो मंत्र्यांच्या हातून नको. सर्वांत म्हाताऱ्या खेळाडूच्या हातून आणि संघातल्या सर्वांत लहान मुलीच्या हातून उघडा. संकुलाचं नाव त्यानंतर. हा क्रम पत्रिकेत छापून टाका, म्हणजे पाहुणे उशिरा आले तरी जुन्यांचा कार्यक्रम खोळंबत नाही. पत्रिकेवर नेत्यांच्या नावांच्या तीन रांगा असणारच, त्याला इलाज नाही. मागच्या पानावर मात्र जुन्या संघाचा एक फोटो नावांसकट छापा. पत्रिका घराघरांत राहते ती त्या पानासाठी.

पुढची दोन वर्षं

या काळात दोन्ही नावं सगळीकडे एकत्र वापरा: "आखर मैदान, कै. ____ क्रीडा संकुल". प्रमाणपत्रं, पावती पुस्तकं, बातमीदाराला दिलेला कागद, माइकवरची घोषणा. गुगल मॅप्सवर जागेचं नाव सुधारताना जुनं नाव पुसू नका, दोन्ही लिहा. बाहेरगावच्या टीमचा ड्रायव्हर जुन्याच नावानं शोधतो. मुलाखती आणि स्कॅन केलेले फोटो एकाच पोराच्या मोबाइलमध्ये ठेवू नका, तो पोलीस भरतीत लागला की मोबाइलसकट जातो. दोन पेनड्राइव्हवर प्रती घ्या, एक शाळेत, एक ग्रामपंचायतीच्या कपाटात, आणि तिसरी मंडळाच्या जीमेल खात्यावर. त्या खात्याचा पासवर्ड अध्यक्ष आणि सचिव दोघांकडे असू द्या, आणि कार्यकारिणी बदलली की चार्ज देण्याच्या यादीत चाव्या, शिक्का आणि पासबुकाच्या खाली तोही लिहा.